तुरीच्या शेतातली वर्दी

मी, लाडकी सुक्या करबट, वय अंदाजे बाहत्तर, राहणार वेवजी, तालुका तलासरी, जिल्हा पालघर. माझे डोके ठिकाणावर आहे. कोणी धमकावलेले नाही, कोणी पाजलेलेही नाही. नात भारती सोबत आहे. मी सांगते तसे कचेरीसमोरचा टायपिस्ट, नविन नावाचा पोरगा, लिहितो आहे. मधेमधे तो "आजी, हे मृत्युपत्रात बसत नाही" म्हणतो. त्याला म्हटले, बसव.

१. माझे कारवीच्या कुडाचे घर सून संगिता हिला. दर सणाला ती सारवते. मुलगा सुरज त्यात बसून टीव्ही बघतो, एवढाच त्याचा घराशी संबंध.

२. जाते, भाताची कणगी आणि माझी चांदीची कडी भारतीला. कडी विकून मोबाइल घेऊ नये.

३. दीड एकर भातजमीन सुरजला, पण एका अटीवर. माझे दिवसकार्य माझा धाकटा भाऊ झिपरू हाल्या वरठा, आमच्या पाड्याचा भगत, यानेच करावे. सुरजने मामाला हाताला धरून आणावे. आणले नाही तर जमीनही संगिताची.

अट का, तेही सांगते. यंदा टीव्हीवर लढाईच्या गोष्टी सुरू झाल्या आणि आमच्या पोरांच्या अंगात आले. एकाहत्तरच्या लढाईत झिपरू पलटणीतून पळाला होता, हे कोणीतरी उकरून काढले. सुरज मला तोंडावर म्हणाला, "आये, पळपुट्याचे हातची पूजा गावदेवाला नको." येत्या रविवारी पेरणीआधीची पूजा आहे. झिपरूने तिकडे फिरकायचे नाही, असे या शहाण्यांनी ठरवले. याच सुरजला लहानपणी ताप चढला तेव्हा मामा तीन दिवस उपाशी बसला होता. चाळीस वर्षे त्याने देवाला दाखवल्याशिवाय पाड्यात कोणी नवा भात तोंडात घातला नाही. ते सगळे वाया, आणि एकोणिसाव्या वर्षीचे तेवढे खरे!

४. आता ऐका. झिपरू पळाला नाही. त्याला मी पळवला.

लढाई होणार अशी बोलवा उठली आणि मी भ्याले. मी मास्तरांकडून पत्र लिहून घेतले की आई शेवटच्या घटका मोजते आहे. त्याने हातापाया पडून दहा दिवसांची रजा काढली. धावत अंगणात आला तर आई भात झोडत होती. त्याने डोक्याला हात लावला. पण परत जायचे त्याच्या मनात पक्के होते. रजा संपायच्या आदल्या दिवशी तो ओढ्यावर गेला. मी त्याची वर्दी उचलली आणि तुरीच्या शेतात बुजगावण्याला घातली. परतीचा कागद चुलीत घातला. बिनवर्दीचा, बिनकागदाचा तो जाणार कुठे, एवढीच माझी अक्कल.

पाखरे उडाली नाहीत, पोलीस मात्र नेमके आले. बुजगावणे बघून हसले आणि झिपरूला घेऊन गेले. तिथे तो म्हणाला, "मीच भ्यालो." तीन महिने आत बसला, पलटणीने काढून टाकले. माझे नाव त्याने आजपर्यंत घेतले नाही, आणि मीही ते घेऊ दिले नाही. सत्तेचाळीस वर्षे मी गप्प बसले. लाज वाटते, हे लिहून ठेव.

५. झिपरूला मी काही देत नाही. दिले तर त्याला साक्षीदार होता येणार नाही, असे नविन सांगतो. मला तोच साक्षीदार हवा.

तो इथेच बाकावर बसून आहे. वाचून दाखवले तर म्हणतो, "बाय, चौथा खोडून टाक. लोका तुला बोलतील." याच्यापुढे मी हात टेकले. बोलू देत! इतकी वर्षे तुला बोलले ते काय होते रे?

६. हे सगळे माझ्या मरणानंतर लागू होईल, असे नविन म्हणतो. कलम चारला ते लागू नाही. माझे मरण कधी यायचे आणि पोरांचे डोळे कधी उघडायचे? रविवारी गावदेवापुढे मी ते कलम भारतीकडून मोठ्याने वाचून घेणार आहे. मी समोर उभी राहीन. ज्याला पळपुट्याला हाकलायचे असेल त्याने आधी मला हाकलावे.

वाचून दाखवले, समजले, कबूल.

ठिकाण : तलासरी
दिनांक : ८ मे २०१९

लाडकी सुक्या करबट (डाव्या हाताचा अंगठा)

साक्षीदार :
१. जिवली दिपक धोडी, शेजारीण (अंगठा)
२. झिपरू हाल्या वरठा (सही. पलटणीत शिकला होता.)