आमच्या रिग्गईच्या फ्लॅटला अमेरिकेची घटना लागू झाली

रिग्गई, कुवेत
शनिवार

तीर्थस्वरूप बापूंना,

पुतण्या जयप्रकाशचा साष्टांग नमस्कार. (मनातल्या मनात. पाठीत उसण भरल्यापासून वाकणं बंद आहे.) तुमचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झाल्याचं कळलं, फार बरं वाटलं. नव्या डोळ्याला ताण नको म्हणून मोठ्या अक्षरात लिहितोय. संतापाने मध्येच अक्षर बिघडलं तर सांभाळून घ्या. काकूंची संधिवाताची गोळी बदलली का, तेही कळवा. इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं, प्रत्यक्षात नाही. फोनवर बोललेलं या घरात भिंतीपलीकडे ऐकू जातं, आणि आमच्या मंडळातले दीनानाथ उद्या मिरजेला निघालेत, तेव्हा हे पत्र त्यांच्या हाती देतोय.

तुम्ही सांगलीच्या कोर्टातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालात आणि आपल्या घराण्यात कायदा कळणारे तुम्ही एकटेच, म्हणून हे गाऱ्हाणं तुमच्यापुढे. आमची अंतरा यंदा बारावीला आहे. शाळा अमेरिकन पद्धतीची (फी अर्चनाची बँक भरते, नाहीतर आपण कशाला त्या फाटकाशी जातोय), आणि यंदा तिला अमेरिकेचं सरकार आणि राज्यघटना असा एक विषय आहे. मुलगी जन्मली इथे कुवेतमध्ये, पासपोर्ट भारताचा, राहते माझ्या इकाम्यावर, म्हणजे इथल्या रहिवासी परवान्यावर, अमेरिका तिने विमानातूनसुद्धा पाहिलेली नाही. आणि वर्गात वाद कशावर, तर बंदूक बाळगायचा हक्क कुणाला असावा, पोलिसाने झडती कधी घ्यावी, तिथे जन्मलेल्या प्रत्येक मुलाला नागरिकत्व द्यावं की नाही. जेवताना ती मला बंदुकीबद्दल माझं मत विचारते. आपल्या घरात शस्त्र म्हणून एक विळी, तीही विमानतळावरच्या माणसाला नारळ खवून दाखवायची तयारी अर्चनाने दाखवली तेव्हा सुटलेली. इथवर मलाही गंमत वाटत होती.

मग मंडळाचा दिवाळीचा कार्यक्रम आला. अध्यक्ष हरिश्चंद्रराव बोलायला उभे राहिले आणि पुऱ्या गार होऊन चामट झाल्या तरी बसेनात. सूत्रसंचालन अंतराकडे होतं. तिने भाषणाबद्दल आभार मानायचे, तर भाषण संपल्याबद्दल मानले. सगळं सभागृह हसलं (मीही हसलो, पण ते वेगळं). तेव्हापासून हरिश्चंद्रराव मला जमियाच्या दुकानात भाजी घेताना दिसले तरी कोबीकडे बघतात. घरी येऊन मी तिला झापलं, तर म्हणे अभिव्यक्तिस्वातंत्र्य, पहिली दुरुस्ती. मीही कच्चा नाही. मी तिचं पुस्तक आणून वाचलं आणि दाखवून दिलं की हे हक्क सरकारविरुद्ध असतात, बापाविरुद्ध नव्हे. तिने शांतपणे विचारलं, मग या घरात सरकार कोण आहे? बापू, अशा वेळी माणसाने गप्प बसावं. मी 'मीच' म्हणालो. स्वयंपाकघरात अर्चना इतकी हसली की फोडणी करपली, आणि त्या क्षणापासून अमेरिकेची अख्खी घटना आमच्या फ्लॅटला लागू झाली.

आता ऐका राज्यकारभार कसा चालतो. त्याच आभारांवरून मी दुसऱ्या दिवशी पुन्हा रागावू लागलो, तर एका गुन्ह्यासाठी दोनदा खटला चालत नाही म्हणून तिने मला थांबवलं, कारण माझं झापणं अर्धवट राहिलं तेव्हा आदल्या रात्री आईने तिला पुरतं सुनावलं होतं. तेव्हा अर्चनाने चष्मा लावून ते प्रकरण वाचलं आणि तोड काढली, की तिथे केंद्र आणि राज्य हे दोघं एकाच कृत्यासाठी वेगवेगळे खटले भरू शकतात, तेव्हा जयप्रकाशने खुशाल रागवावं. मला बरं वाटलं. मग तिने खुलासा केला की केंद्र ती आहे आणि राज्य मी. मंगळवारपासून मी राज्य आहे. भाजी काय आणायची हा विषयसुद्धा केंद्राच्या यादीत गेलाय.

संताप कशाचा येतो सांगू? रस्त्यावर पोलिसाने बताका मागितला की मी गाडीतून उतरून ते ओळखपत्र दोन्ही हातांनी पुढे करतो. इतकी वर्षं इथे काढली, उलटा प्रश्न म्हणून कधी विचारला नाही. ऑफिसात मुदीर ओरडला तर 'येस सर', इमारतीच्या दाराशी बसणारा हारिस ओरडला तरी गाडी काढून दुसरीकडे लावतो. दिवसभर हक्कांशिवाय राहून माणूस घरी येतो तो जरा हुकूम चालवायला, आणि घरात बघावं तर सगळे हक्क दुसऱ्यांनी वाटून घेतलेले.

खरं दुखणं पुढेच आहे. अंतरा अमेरिकेत शिकायला जाणार, हे मी ऑफिसात, मंडळात आणि तुम्हा सगळ्यांना कधीचं सांगून ठेवलंय. अर्ज कुठेकुठे केलेस म्हणून मी तिला विचारलं. ती म्हणाली, "आय प्लीड द फिफ्थ, बाबा." ही पाचवी दुरुस्ती. स्वतःला गोत्यात आणणारं उत्तर द्यायला माणूस बांधील नाही. मी म्हटलं, म्हणजे काहीतरी गुन्हा केलायस तर, तर अर्चनाने भाजी निवडताना वर न बघता ऐकवलं की कोर्टात आरोपी गप्प राहिला म्हणून त्यावरून अनुमान काढता येत नाही. बापू, तेव्हापासून पोरगी कॉलेज या विषयावर एक अक्षर बोललेली नाही. पूर्वी शाळेतून गाडीत बसली की हिचं तोंड घर येईपर्यंत थांबत नसे. आता खिडकीबाहेर बघते. मी अनुमानं काढत सुटलो. एखादा मुलगा असेल, नापास झाली असेल, आणखी काय काय मनात आलं.

काल शुक्रवार. वरणभात जेवून ती दिवाणावर झोपली होती, फोन शेजारी. तो उघडतो तिच्या अंगठ्याने. जबरदस्तीने अंगठा लावायला लावणं म्हणजे आरोपीकडून साक्ष काढणं की नुसती झडती, यावर तिकडच्या न्यायाधीशांतही एकमत नाही (हेही तिच्याच पुस्तकात वाचलं). म्हटलं, मोठमोठ्यांचं ठरत नाही तोवर आपण उरकून घ्यावं. मी हळूच तिचा अंगठा उचलला आणि तिने डोळे उघडले. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती माझ्या हातातल्या आपल्या अंगठ्याकडे बघत राहिली.

तरी आपण तिला आपल्या सहीने एक खरमरीत पत्र लिहावं, की आपल्या घराण्यात मुलांना गप्प बसायचा हक्क कधीच नव्हता आणि नाही. आपलं म्हणणं ती मानते, माझं मानायचं तिने सोडलंय.

आपला,
जयप्रकाश

ता. क. ते खरमरीत पत्र लिहू नका. अंगठा सोडवून घेतल्यावर ती काय म्हणाली ते वर लिहायचं धैर्य झालं नाही. इंग्रजी सोडून मराठीत बोलली, तिथेच माझं पाणी पाणी झालं. म्हणाली, "बाबा, मला भरतनाट्यम सोडायचंय हे मी तुम्हाला गाडीत सांगितलं आणि घरी पोचायच्या आत समजूत घालायला आत्याचा फोन आला. मी तुम्हाला जे सांगते ते संध्याकाळी सांगलीत असतं. मग मी गप्प बसते." आता जे सांगशील ते कुणाला सांगणार नाही असं मी तिला वचन दिलं.

ता. क. २. तिला अमेरिकेला जायचं नाहीये. कायदा शिकायचाय, आणि तो आपल्याकडे, सांगलीत. मी खूप बडबडलो, मग कारण विचारलं. म्हणाली, "त्यांच्या सगळ्या दुरुस्त्या मला पाठ आहेत, पण त्यातली एकही माझी नाही. आणि माझी जी घटना आहे ती मला कुणी शिकवलीच नाही." मला वाईट वाटलं, अभिमानही वाटला, आणि ऑफिसात आता काय सांगू तेही वाटलं. तुमची वरची खोली जूनपासून रिकामी होईल का? हे एवढं विचारायचं होतं, बाकी पत्र उगाच लांबलं.

ता. क. ३. तिला हे तुम्हाला स्वतः सांगायचंय, पुढच्या शुक्रवारी फोनवर. मी दिलेलं वचन पाकीट चिकटवताना मोडतोय, हे मला समजतंय. तेव्हा बापू, पहिल्यांदाच ऐकतोय असं दाखवा, आणि काकूंनाही आधी सांगू नका. खोलीचं लगेच काढू नका. ती अडखळेल, थांबेल, मध्ये बराच वेळ काही बोलणारही नाही. आपण काहीतरी बोलून ती जागा भरू नका, तिचं बोलून होऊ द्या.