तिसरीच्या वर्गाच्या पाट्या

ता. ४ सप्टेंबर

चि. ठकूस बाबाचे अनेक आशीर्वाद.

मी इकडे ठीक आहे. गुडघा आहे तसाच आहे, खोकला सकाळपुरता येतो आणि जातो. तुझी खुशाली आत्याकडून कळते, पण ती सगळं सांगत नाही. नुसतं "बरी आहे" म्हणते, आणि मला त्या "बरी"चीच जास्त काळजी लागते. तिकडे पाणी उकळून पीत जा. खोलीला आतून कडी आहे ना? नसेल तर घरमालकाला सांगून बसवून घे, संकोच करू नकोस.

पत्राला कारण आहे, उगाच त्रास देत नाही. तुझ्या जागेवर आलेले गुरुजी नोकरी सोडून गेले. महिना होत आला, नवीन कोणी नाही. सकाळचे तास मोठ्या बाई कसेबसे घेतात, पण त्यांना ऑफिसही सांभाळायचं असतं. मागे एकदा मला बोलावून म्हणाल्या, "मामा, दुपारचा एक तास तिसरीवर बसाल का? नुसतं बसायचं. कोणी कोणाचं डोकं फोडू नये एवढंच बघायचं."

मी म्हटलं, "बाई, मी चौथी नापास. सगळा जन्म शिपायाची घंटा वाजवली, आता निवृत्तीनंतर राखणदार. मी काय वर्गावर बसणार?"

तर म्हणतात, "तुमच्या मुलीचा तास तुम्ही चार वर्षं दाराबाहेर उभं राहून ऐकलाय. तिच्या वर्गाची खिडकी मी तुमच्याकडून उगाच दिवसातून तीनदा पुसून घेत नव्हते."

बसलो. पण नुसतं बसलं की पोरं अंगावर चढतात. एकाने माझ्या टोपीत खडू ठेवला. शेवटी कपाटावरचं तुझं खोकं काढलं. आठवतं ना? पुठ्ठ्याच्या पाट्या मी कापल्या, सुतळी ओवली, शब्द तू लिहिलेस. एकेकाच्या गळ्यात एकेक शब्द घालायचा आणि रांगेत उभं करून वाक्य करायचं. क्रियापदवाला शेवटी, दाराच्या बाजूला. "आणि" ज्याच्या गळ्यात, त्याने दोघांचे हात धरायचे. पोरं नुसती खूश. सगळ्यांना क्रियापद व्हायचं असतं, कारण त्याला उडी मारायला मिळते, नाहीतर खाऊन दाखवायला मिळतं. सर्वनाम व्हायला कोणी तयार नाही. म्हणतात, दुसऱ्याच्या जागेवर कोण उभं राहील!

आता माझी चूक सांगतो. पाट्यांच्या कडांचे रंग पार उडाले होते. दारांना लावायचा रंग शिल्लक होता, म्हणून रविवारी बसून सगळ्या नव्याने रंगवल्या. नाम निळं, क्रियापद लाल, विशेषण पिवळं, एवढं मला पक्कं आठवत होतं. बाकीचं अंदाजाने केलं. आठवडाभर तसंच शिकवलं. मग एक दात पडलेली मुलगी आहे, फार चौकस, ती म्हणाली, "मामा, ताईच्या पुस्तकात 'हळू' पिवळ्यांत नाहीये." तेव्हापासून घास उतरत नाही. अठ्ठावीस पोरांच्या डोक्यात मी काय भरून ठेवलं असेल? हळू, उद्या, इथे, नेहमी यांचा रंग कोणता, तेवढं कळव. पत्ता लिहिलेलं कार्ड सोबत घातलं आहे.

त्या जुन्या कागदाचं मी मागेच लिहिलं होतं. कारकुनाने घाईत पुढे केला, चष्मा जवळ नव्हता, न वाचताच सही झाली. ते आता उकरत बसत नाही. फक्त रंगाचं कळव.

तुझा बाबा

ता.क. कार्डावर तिकीट लावलेलं आहे.


ता. १९ सप्टेंबर

चि. ठकूस अनेक आशीर्वाद.

तुझं कार्ड पोचलं. पोस्टमनने हातात दिलं तेव्हा मी घंटा द्यायला निघालो होतो, ती पाच मिनिटं उशिरा झाली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा.

सरळ "हळू, उद्या, इथे, नेहमी: हिरवा" अशीच सुरुवात होती. वर काही नव्हतं. मी कार्ड उलटून पाहिलं, तिथे पत्ता, तो तर माझ्याच अक्षरातला. खाली लिहिलं होतंस, "रंग पुन्हा द्यावा लागेल. मुलांना आधी चूक आपली होती असं सांगावं, मग बरोबर काय ते सांगावं. नाहीतर दोन्ही लक्षात राहतं." मला तू म्हणतेस की तुम्ही, तेही कुठे दिसू नये असं लिहिलंस. पूर्वी सबंध आवारात तू एकटीच मला "अरे बाबा" म्हणायचीस. मोठ्या बाई हसायच्या. चहा घेऊन स्टाफरूममध्ये आलो की इतर बाई "ठेवा मामा" म्हणायच्या आणि तू उठून माझ्या हातातला ट्रे घ्यायचीस. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. कशाला उठतेस म्हणून मी तुझ्यावर डाफरायचो. आता ट्रे नेतो तेव्हा कोणी उठत नाही आणि मला तेही आवडत नाही. माणसाचं काही खरं नाही.

असो. तू सांगितलंस तसं केलं. सोमवारी वर्गासमोर उभा राहून म्हटलं, "मुलांनो, मागे आठवडाभर मामांनी चुकीचं शिकवलं. चूक मामांची. तुमची नाही." मला वाटलं पोरं टर उडवतील. दात पडलेली म्हणाली, "मी सांगितलं होतं." बाकावरचा एक जाड्या म्हणाला, "मामा, मग तुम्हाला शिक्षा काय?" मी म्हटलं, तुम्हीच सांगा. बरीच कुजबुज होऊन ठरलं की मामांनी दिवसभर सर्वनाम व्हायचं. मी "तो" गळ्यात घालून घंटा द्यायला गेलो. मोठ्या बाईंनी बघितलं आणि तोंड वळवलं, हसत होत्या बहुतेक.

पण दोन मिनिटांत विषय मिटला, ठकू. मी कसला घाबरलो होतो! त्यांनी वहीत खोडलं, हिरवा खडू घेतला आणि पोरं पुढे गेली.

आता एक अडचण आहे. शब्दांच्या सात जाती झाल्या. पोरं मोजतात. रोज विचारतात, "पुस्तकात आठ आहेत, आठवी कुठे आहे?" खोक्याच्या तळाशी तिचा गठ्ठा आहे, रबर लावलेला, तू ठेवलास तसाच. अरेरे, अबब, शाबास, छे. मी सांगितलं, त्या पाट्या हरवल्या. पोरांशी खोटं बोललो. का, ते तुला माहीत आहे.

पावसाने हवा गार झाली आहे, कानाला बांधत जा.

तुझा बाबा


ता. २ ऑक्टोबर

ठकू,

आशीर्वाद लिहायला हात धजत नाही, म्हणून तसंच सुरू करतो. गेले चार दिवस हे पत्र लिहितो आहे आणि फाडतो आहे.

त्या दिवशी तू वर्गात आठवी जात शिकवत होतीस आणि पोरं "अबब! शाबास!" ओरडत होती. नेमके संस्थेचे चिटणीस ऑफिसात हिशेब बघत बसले होते. त्यांनी मला बोलावलं. "हे असं किती वेळा चालतं?" मी म्हटलं, "आजच साहेब. धडाच तसा आहे." ते म्हणाले, "आजच? बरं. मामा, तुम्हाला निवृत्तीला किती राहिलं? आठ महिने ना? आणि तुम्ही राहता ती मागची खोली संस्थेचीच ना?" आवाज चढवला नाही. मग कारकुनाने कागद लिहून पुढे ठेवला: या वर्गात रोज आरडाओरडा चालतो, शिकवणं होत नाही, हे मी स्वतः पाहिलं आहे.

चष्मा माझ्या नाकावर होता.

मी तो कागद वाचला. मला वेळ लागतो, बोट ठेवून वाचतो, हे तू जाणतेस. दोनदा वाचला. कारकून म्हणालासुद्धा, "मामा, वाचलंत ना नीट?" मी म्हटलं, "वाचलं." आणि सही केली. माझी सही तशी वाकडी येते, त्या दिवशी चांगली सरळ आली.

तू व्हरांड्यात हजेरीपट घेऊन उभी होतीस. चष्मा तुला दिसला होता का, हे विचारायची माझी तीन वर्षांत छाती झाली नाही. दिसला असेल तर मी पत्रामागून पत्र "चष्मा नव्हता" लिहीत राहिलो, ते वाचताना तुला काय वाटलं असेल? तुझी बदली झाली, नोंदवहीत शेरा लागला, तेवढ्यावर तू कदाचित भांडली असतीस आणि विसरलीही असतीस. तू भांडलीच नाहीस. पेटी उचललीस आणि गेलीस, तेव्हाच मी समजायला हवं होतं. समजलोही होतो.

मी घाबरलो होतो, एवढंच कारण. तुझी आई गेल्यावर तुला त्याच खोलीत वाढवली, त्या खोलीबाहेर जग कसं असतं ते मला माहीतच नव्हतं. पण हे कारण आहे, सफाई नाही.

सोमवारी मोठ्या बाईंना म्हटलं, मला कागद द्या. सांगितलं सगळं. त्या म्हणाल्या, "मी लिहून देते, तुम्ही सही करा." मी नको म्हटलं. माझ्या हाताने लिहिलं. पाच कागद खराब झाले. ऱ्हस्व-दीर्घाचा सत्यानाश असणार. त्या वर्गात रोज आरडाओरडा होत नव्हता, एक दिवस झाला, तो धडा होता. मला हे ठाऊक असून मी खोटं लिहिलेल्यावर वाचून सही केली. एवढंच लिहिलं.

चिटणीस आले. म्हणाले, "म्हणजे तेव्हा खोटं बोललात की आता बोलताय?"

"तेव्हा, साहेब."

"खोटी सही करणाऱ्या माणसाच्या हाती शाळेच्या किल्ल्या कशा ठेवायच्या, सांगा बरं मामा?"

बोलणं खोटं नव्हतं. मी जुडगा टेबलावर ठेवला. मोठ्या बाई मध्ये पडल्या, आवाज चढवून भांडल्या, त्यांचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. त्यामुळे तुझ्या नोंदवहीतला शेरा काढायचं ठरलं. तिसरीची जागा रिकामीच आहे, तू मागितलीस तर तुला द्यायला संस्थेची हरकत राहिलेली नाही. तसं ऑफिसचं पत्र तुला वेगळं येईल. ते नीट वाच, तारखा बघून घे, अर्जाची नक्कल स्वतःजवळ ठेव.

दुपारी तासाला गेलो, शेवटचा म्हणून. पोरांना सांगितलं, पाट्या हरवल्या नव्हत्या, मी लपवल्या होत्या. दार सताड उघडं ठेवलं आणि गठ्ठ्याचं रबर काढलं. जाड्याने "अबब" घेतलं. सुरुवातीला पोरं तोंडातल्या तोंडात बोलत होती. मी म्हटलं, "जोरात."

"मामा, अजून जोरात?"

"अजून."

पार फाटकापर्यंत आवाज गेला असेल. मी सवयीने दाराकडे बघितलं. मी उभा राहायचो त्या जागी कोणी नव्हतं. दात पडलेली म्हणाली, "मामा, पुढच्या आठवड्यात काय?" मी म्हटलं, ते तुमच्या बाई सांगतील. "कोण बाई? कधी येणार?" सगळी एकदम विचारायला लागली. मी म्हटलं, मला माहीत नाही. हे मात्र खरं सांगितलं.

तू यावंस म्हणून हे सगळं केलं असं समजू नकोस. समजलीस तर तेही फारसं चुकीचं नाही. पण माझ्याकडे बघून ठरवू नकोस. तुझा तिथे जम बसला असेल तर राहा. इथे आलीस तरी माझ्याशी बोललंच पाहिजे असं नाही. लांबून ऐकायची मला सवय आहे.

खोली महिनाअखेरपर्यंत आहे. सामान फार नाही. तुझी शाळेतली पुस्तकं आत्याकडे पाठवतो, भिजू नयेत म्हणून दुहेरी गुंडाळली आहेत. उत्तर द्यावंसं वाटलं तर महिनाअखेरच्या आत, याच पत्त्यावर दे. त्यानंतर मी कुठे असेन, ते मला अजून ठाऊक नाही.

तुझा बाबा