साडेअकरा फेऱ्यांची गिटार

चि. भाचीस मामाचे भरघोस आशीर्वाद. तुझी तब्येत ठणठणीत असेलच. बोटांची मात्र नसेल, म्हणून हे पत्र. तू गिटारच्या क्लासला जातेस हे ताईकडून कळलं आणि हातातलं घड्याळ तसंच उघडं टाकून मी दुकानात उभाच राहिलो. अगं, घराण्यात आता आपण दोघं वाजवणारे. तू महिन्याची, मी सहा महिन्यांचा (तोही गुरूवाचून), तेव्हा वडिलकीने सांगतो ते ऐक.

डाव्या हाताची नखं वाढू देऊ नकोस. बोटांची टोकं दुखतील, दुखू दे. तिसऱ्या आठवड्यात घट्टे पडतात (माझे सतराव्या दिवशी पडले, नोंद आहे). रोज पंधराच मिनिटं, पण रोज. आणि मुख्य म्हणजे तारा जुळवणं. यात लोक कानावर विसंबतात. तीस वर्षं घड्याळं दुरुस्त करणारा माणूस असल्या अंदाजपंचे कामाला हात लावेल का? मी सहाही खुंट्यांना मोजून साडेअकरा फेरे दिले, एकीला कमी नाही, एकीला जास्त नाही. बारीक तार दोनदा तुटून हनुवटीवर वळ उमटला, पण तिसरी टिकली. न्याय म्हणजे न्याय.

परवा गजराचं घड्याळ न्यायला आलेलं एक गिऱ्हाईक माझा सराव ऐकून म्हणालं, की घाई नाही, गजर अजून बिघडलेलाच दिसतोय. ते मी मनावर घेतलं नाही. मनाला लागलं ते तुझ्या मामीचं. येत्या रविवारी आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं होतात, आणि तिचं आवडतं गाणं मी सर्वांसमोर वाजवणार असं तिच्या तिन्ही बहिणींना सांगून बसलोय. काल रंगीत तालीम म्हणून तिला ते अथपासून इतिपर्यंत ऐकवलं. डोळे मिटून ऐकलं बिचारीने. संपल्यावर म्हणाली, "छान आहे हो. कुठलं गाणं?"

मी लगेच फेरे पुन्हा मोजले. साडेअकराच आहेत.

तुझा स्वयंशिक्षित मामा

ता. क. गिटारला लावला की सूर दाखवतो असा एक चिमटा मिळतो म्हणे. सहज विचारतोय.

आणखी ता. क. शनिवारी दोन ते चार मामी दातांच्या डॉक्टरकडे असेल. चिमटा घेऊन ये. तिला कळता कामा नये.

(पुढचं मामीच्या हातचं.) पत्र टाकायला माझ्याकडेच दिलंय, पाकीट न चिकटवता. माझे दात उत्तम आहेत. ते दोन तास मीच काढून दिलेत. ये, तारा नीट लाव, आणि त्यांना सांग, की फरक फक्त अर्ध्या फेऱ्याचा होता.