सुमितचं लोखंड

बाळकुम, ठाणे
६ जानेवारी २०२५

आदरणीय अण्णा,
सविनय जयभीम, वि. वि.

आज घरीच होते. सकाळी गॅसवाला येऊन गेला. दुपारपासून सुमितच्या क्वेसारचं गणित पुन्हा मांडतेय. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, म्हणून लिहिते.

त्याने तुम्हाला सांगितलं होतंच. क्वेसार म्हणजे खूप दूरच्या कृष्णविवराभोवती तापलेला वायू. पृथ्वी नव्हती तेव्हा निघालेले त्याचे क्ष-किरण आज पोचतात, पण हवेतून खाली येत नाहीत. म्हणून दुर्बीण अंतराळात. त्या किरणांच्या वर्णपटात एक उंचवटा सापडला, ते तिथलं लोखंड, असं तो म्हणाला होता. मला तो उंचवटा खटकतोय. त्याचा शोधनिबंध पाठवण्याआधी खात्री करते. तोवर त्याच्या स्मृतिदिनाचा फ्लेक्स छापू नका.

आईंना जयभीम.
आपली सून,
मेघना


मोहने
९ जानेवारी २०२५

चि. मेघनास,
जयभीम व आशीर्वाद.

फ्लेक्स कालच आला. त्यावर लिहिलंय, अकराशे कोटी वर्षांपूर्वीचं लोखंड शोधणारा आपला सुमित. तुझी सासू शालन तो गुंडाळू देत नाही. पुतण्या दौलत एकोणीस तारखेला विहारात भाषण करणार आहे. म्हणतो, बाप रेयॉनच्या कारखान्यात बहिरा झाला, पोराने आकाश ऐकलं. मी म्हटलं, अरे, आकाश बघतात. तर म्हणाला, काका, टाळ्या पडतात.

तू मास्तरणीसारखी त्याची वही लाल करू नकोस. माझी बहीण मालन विचारत होती, सुनेला आता स्वतःचं नाव वर लावायचंय का? तिला गप्प केलं. पण तू एकदा नाही म्हणून कळव.

तुझा,
अण्णा


बाळकुम
१३ जानेवारी २०२५

आदरणीय अण्णा,
सविनय जयभीम.

नाही. पहिलं नाव त्याचंच राहील. पण ते लोखंड नाही, अण्णा. तो उंचवटा दुर्बिणीतल्या अॅल्युमिनियमचा आहे. अंतराळातले कण आदळले की तिचा धातू स्वतःच मंद चमकतो. ती चमक वजा करायला शेजारचा रिकामा भाग मोजतात. सुमितने डायलिसिसला बसल्या बसल्या, घाईत, कडेचा भाग निवडला. तिथे चमक कमी असते, म्हणून ती पुरती वजा झाली नाही. क्वेसार इतका लांब, की लोखंडाची खूणही वर्णपटात सरकून नेमकी अॅल्युमिनियमच्या जागीच यायची. म्हणून तो फसला. मी जवळचा भाग घेतला आणि उंचवटा गेला.

आमच्या मार्गदर्शक रुचिता मॅडम म्हणाल्या, लोखंडाची शक्यता एवढंच लिही, तुझी पुढची फेलोशिप यावर आहे. मी नाही लिहिणार. आणि विहारात सगळे टाळ्या वाजवत असताना मला बसवणार नाही. रविवारी मीच सांगेन. नको असेल तर आधी कळवा, येणार नाही.

आपली,
मेघना


मोहने
२१ जानेवारी २०२५

चि. मेघनास,
जयभीम.

तू बोललीस ते मला ऐकू आलं नाही. लोकांची तोंडं तेवढी दिसली. शालनने कानाशी ओरडून सांगितलं, आपल्या पोराचं चुकलं म्हणतेय. सगळ्या विहाराने ते दुसऱ्यांदा ऐकलं. मी चपला घालून निघून आलो. तू खीर न घेता गेलीस, शालनला त्याचाच राग जास्त आहे. फ्लेक्स काढलाय. फाडला नाही.

एकच विचारतो. तो जगला असता आणि त्याला हे कळलं असतं, तर त्याने सांगितलं असतं का? बापाला बरं वाटेल असं लिहू नकोस.

अण्णा


बाळकुम
२५ जानेवारी २०२५

आदरणीय अण्णा,
सविनय जयभीम.

पहिले दोन दिवस तो माझ्याशी बोलला नसता. तुझंच गणित चुकलं, म्हणाला असता. मग माझ्याकडून सगळं पुन्हा मांडून घेतलं असतं, आणि चिडचिड करत स्वतःच कळवलं असतं. असं मला वाटतं. पुरावा नाही.

निबंध काल पाठवला, लोखंडाशिवाय. फेलोशिपचं कठीण दिसतंय.

जेवायला येऊ का, ते आईंना विचारून कळवा. राग जायला वेळ लागला तरी चालेल, माया तेवढी तुटू देऊ नका.

आपली,
मेघना

ता. क. बॅटरी उतरू नये म्हणून त्याची स्कूटर रोज खाली जाऊन थोडा वेळ चालू ठेवते. आता तिकडेच चाललेय.