परत सोडण्याचा सीन

भाऊ, आमच्या लोणावळ्याच्या घरात सिनेमाचं शूटिंग झालं. तुम्ही असता तर पडवीत खुर्ची टाकून दिवसभर बघत बसला असता आणि संध्याकाळी म्हणाला असता, "ह्यात काय हाय एवढं पोरी, तेच तेच करत्यात." सिनेमा गमतीचा होता. प्रेमात पडून लग्न केलेलं एक जोडपं आणि लग्नानंतरची त्यांची रोजची भांडणं. ओला टॉवेल पलंगावर का टाकला, गीझर चालू का ठेवला, तुझी आई अजून किती दिवस राहणार. लोकांनी पोट धरून हसायचं आणि घरी जाताना आपल्या माणसाकडे जरा बऱ्या नजरेनं बघायचं, अशा जातीचा. त्यातल्या मुलीचं माहेर दाखवायला त्यांना कौलारू, पडवीचं, मागं फणस असलेलं घर हवं होतं. शोधणारा माणूस आमच्या दारात आला आणि ह्यांनी त्याला चहा संपायच्या आत हो म्हणून टाकलं. रेल्वेतून रिटायर झाल्यापासून ह्यांना घर खायला उठतं. कुणीतरी घरात येणार, वर्दळ होणार, याचंच ह्यांना अप्रूप.

मला मात्र ते नको होतं, कारण लेक घरी आलेली होती.

तिला चिंचवडला दिलेली. एका दुपारी ती मोठी जांभळी बॅग ओढत एकटीच आली. आम्ही शेजारीपाजारी सांगितलं, सुट्टीला आली आहे, राहील आठ दिवस. ह्यांनाही तिनं तेवढंच सांगितलं. मला मात्र तिनं त्याच संध्याकाळी ओट्याशी उभं राहून, मेथी निवडत सगळं सांगितलं. जावई मारत नाही. ओरडतही नाही. मनाविरुद्ध काही झालं की बोलणं बंद करतो. आठवडेच्या आठवडे. वाढलेलं जेवतो, धुतलेलं घालतो, पण हिच्याकडे बघत नाही, जणू ताट आपोआप समोर आलं. ह्या वेळी तो पुढे गेला. सकाळी ऑफिसला निघताना फ्लॅटला बाहेरून कुलूप लावलं आणि हिला मोबाइलवर मेसेज टाकला, बसून विचार कर. ती संध्याकाळपर्यंत आत होती. "गॅलरीतून वॉचमनला हाक मारता आली असती, आई," ती म्हणाली, "पण मी त्याला काय सांगणार होते?" आणि पुन्हा मेथी निवडायला लागली.

मी ह्यांना सांगितलं. ह्यांनी बराच वेळ चष्मा पुसला. मग विचारलं, "मारलं तर नाही ना?"

"नाही."

"मग रविवारी मी तिला सोडून येतो. त्याला चार शब्द समजावून सांगतो. नवीन संसारात होतं असं."

मी म्हटलं, ती जाणार नाही. तेव्हा हे जे बोलले ते मी अजून विसरलेले नाही. म्हणाले, "तुझ्या भाऊंनी तेव्हा तुला आणून सोडलं नसतं, तर आपला संसार झाला असता का?" त्यात टोमणा नव्हता, भाऊ. तुमचे उपकार मानल्यासारखं ते अगदी मनापासून बोलले. मी आत जाऊन दुधाखालचा गॅस बंद केला, दूध अजून तापलंही नव्हतं.

तो दिवस तुम्हाला आठवत असेल का, हे मी तुम्हाला जिवंतपणी कधी विचारलं नाही. लग्नाचं पहिलंच वर्ष. आमटीत मीठ जास्त पडलं म्हणून ह्यांनी पाहुण्यांसमोर ताट भिरकावलं आणि मी कपड्यांची पिशवी उचलून परंदवडीला माहेरी आले. आई मावशीकडे गेलेली. तुम्ही एकटेच घरात. मला दारात बघून तुम्ही काही विचारत नाही. हात धुता, पिठलं करता, जाडजूड भाकरी थापता, एका बाजूनं करपलेली. "खा," म्हणता. मला वाटतं, जेवण झालं की विचारतील. जेवण होतं. तुम्ही म्हणता, "पड आता." मला वाटतं, सकाळी विचारतील. सकाळी दुधाचे कॅन टेंपोत चढवून झालेले असतात आणि तुम्ही म्हणता, "पिशवी घे."

"भाऊ, मला न्हाई जायचं."

"बाईमाणसाचं घर तितंच. हितं आता तू पाव्हनी."

सोमाटण्याला हायवेवर लागल्यापासून लोणावळ्यापर्यंत तुम्ही एक अक्षर बोलला नाहीत. कामशेतला टेंपो थांबवून मला चहा दिलात, स्वतः घेतला नाहीत. आमच्या दारात ह्यांना बाजूला नेऊन काहीतरी बोललात, माझ्याकडे न बघता टेंपोत बसलात आणि गेलात. पाणीसुद्धा प्यायला नाहीत. काय बोललात ते ह्यांनी मला कधीच सांगितलं नाही. ह्यांनी पुन्हा कधी ताट फेकलं नाही, हे खरं आहे. पण त्या सकाळी तुम्ही मला एकदाही विचारलं नाहीत की पोरी काय झालं, हेही तितकंच खरं आहे.

शूटिंगच्या दिवशी सकाळपासून अंगणात माणसंच माणसं. वायरी, लाईट, मोठ्या पांढऱ्या छत्र्या, फणसाखाली जनरेटर. दिग्दर्शन करणारी मुलगी आमच्या लेकीच्याच वयाची, केस वर बांधलेले, आवाज मात्र तहसीलदाराचा. तिनं मला सीन समजावून सांगितला. नायिका नवऱ्याशी भांडून माहेरी येते. तिला वाटतं, आता बाबा लाड करतील. तर बाबा चहाही विचारत नाहीत, तिची बॅग उचलून थेट स्कूटरवर ठेवतात आणि म्हणतात, "चल, तुला सोडून येतो. इथे आता तू पाहुणी, बाळा." ती म्हणते, "बाबा, निदान चहा तरी!" आणि स्कूटर सुरू. "थिएटर डोक्यावर घेतील लोक, काकू," ती मुलगी म्हणाली. मी मान हलवली. पाहुणी हा शब्द तिला कुठून मिळाला असेल, याचाच विचार करत राहिले. लेक स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून सगळं ऐकत होती. तिचा चेहरा मला दिसत नव्हता आणि मी मागं वळूनही बघितलं नाही.

बाबांचं काम करणारा नट मुंबईहून यायचा होता. खंडाळ्याच्या घाटात ट्रक आडवा झाला आणि त्याची गाडी अडकली. ऊन सरकत होतं. त्या मुलीनं चारदा फोन केला, मग तिची नजर ह्यांच्यावर पडली. पांढरा सदरा, पिकलेल्या मिशा, स्वतःचीच स्कूटर. "काका, तुम्ही कराल? लांबून एक शॉट घेऊ, एकच वाक्य आहे." हे लाजले. पण मी ह्यांना ओळखते, ह्यांचे कान लाल झाले होते. तालमीत वाक्य असं खणखणीत म्हटलं की युनिटमधल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. हे माझ्याकडे बघून हसले. मला हसता आलं नाही, कारण तेच वाक्य हे रविवारी खरंच म्हणणार होते.

पहिला टेक झाला. ती मुलगी म्हणाली, "काका, मस्त. फक्त बॅग रिकामी आहे हे कळतंय. जड वाटली पाहिजे." सामान बघणाऱ्या माणसाला तिनं सांगितलं, भरलेली बॅग आण. घर त्यांना मोकळंच दिलेलं होतं. तो आत गेला आणि लेकीच्या खोलीतून जांभळी बॅग घेऊन आला. ती तिनं अजून रिकामी केलेली नव्हती. रोज वरच्या कप्प्यातून कपड्यांचा एक जोड काढायची आणि चेन पुन्हा लावायची. मी म्हणणार होते, अहो, ती नको. पण तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, "सायलेन्स!" आणि अख्खं अंगण गप्प झालं.

"अ‍ॅक्शन."

ह्यांनी नेहमीच्या झोकात हात घातला आणि बॅग उचलली. ती वर आली नाही. दुसरा हात लावला. तेव्हा जमिनीपासून वीतभर वर आली आणि हे तिथंच थांबले, वाकलेले, बॅग हातात. ती नटी वाट बघते आहे. कॅमेरा चालू आहे. वाक्य येत नाही.

"कट. काका, काही हरकत नाही, पुन्हा."

पुन्हा उचलली. पुन्हा तेच. ह्यांनी मान वर केली आणि लाईटच्या, माणसांच्या डोक्यांवरून थेट स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत विचारलं, "यात काय भरलंय एवढं? आठ दिवसांसाठी?"

कुणीतरी फिदी फिदी हसलं. त्यांना वाटलं, काका मनचं काहीतरी घालताहेत.

"आठ दिवसांसाठी नाही, पप्पा," लेक म्हणाली. आवाज वर गेला नव्हता, तरी सगळ्यांना ऐकू आला. "माझं सगळं आहे त्यात. सर्टिफिकेटं आहेत, थंडीचे कपडे आहेत, सगळं. तिथं आता माझं काहीच ठेवलेलं नाही."

ती नटी बिचारी आमच्याकडे आळीपाळीनं बघत होती. ह्यांनी बॅग खाली ठेवली. टाकली नाही, हळूच ठेवली, काचेचं सामान ठेवावं तशी. आणि दिग्दर्शन करणाऱ्या मुलीला म्हणाले, "मॅडम, मला नाही जमायचं."

"काका, एकच वाक्य आहे."

"तेच नाही जमायचं."

तिनं आमच्या तिघांकडे बघितलं आणि सगळ्यांना चहा घ्यायला सांगितलं. तिला काय कळलं, किती कळलं, मला माहीत नाही. पुढं तो नट आला, त्यांच्या रिकाम्या बॅगेत आमच्याच उशा कोंबल्या आणि सीन पटकन झाला. हे तोवर मागं जाऊन फणसाखाली बसले होते, जनरेटरच्या त्या आवाजात.

मला वाटलं, आता ह्यांच्या तोंडून रविवारचं नाव निघणार नाही. पण भाऊ, माणूस एका दिवसात बदलत नाही. रविवारी सकाळी हे तयार झाले, इस्त्रीचा शर्ट घातला. लेकीनं बशी खाली ठेवली. मी दाराच्या मधोमध जाऊन उभी राहिले. कशी उभी राहिले असेन कोण जाणे, पण हे थबकले. "ती जाणार नाही," मी म्हटलं. "कुणी न्यायचं नाही तिला."

"मी एकटाच चाललोय," हे म्हणाले. "बाजूला हो."

दुपारी उन्हाचे परत आले. पाणी मागितलं, प्यायले नाहीत. मग सांगितलं, चिंचवडला जावयानं दार उघडलं, आत घेतलं आणि समोर बसून मोबाइल बघत राहिला. ह्यांनी विचारलं, कसे आहात. उत्तर नाही. त्याच्या आईची तब्येत विचारली. उत्तर नाही. कुलपाचं विचारलं. त्यानं टीव्ही लावला. "मी तिथं बसलो होतो," हे म्हणाले, "आणि मी खोलीत आहे की नाही हेच मला कळेना." एवढं बोलून हे लेकीच्या खोलीच्या दारापर्यंत गेले, आत गेले नाहीत. तिथूनच म्हणाले, "कपाटातला खालचा खण रिकामा करून देतो तुला."

अजून सगळं ठरलेलं नाही. वकिलाकडे जाऊन आलो. तिकडून रोज फोन येतो, जावयाचा नाही, त्याच्या आईचा, आणि फोन वाजला की आम्ही तिघंही एकमेकांकडे बघतो. लेक तळेगावजवळ आंबीला एका कंपनीच्या ऑफिसात लागली आहे. हे तिला सकाळी स्कूटरवर स्टेशनला सोडतात. समोरच्या मावशी कुंपणापाशी येऊन विचारतात, "सुट्टी लय लांबली व्हय पोरीची?" हे म्हणतात, "व्हय, लांबली," आणि झाडांना पाणी घालत राहतात.

सिनेमा लागला तेव्हा लेकच म्हणाली, बघायचा. मला वाटलं होतं ती हे नाव काढणार नाही. तळेगावला गेलो. आमची पडवी पडद्यावर आली. तो नट बॅग उचलतो, वाक्य म्हणतो, आणि त्या मुलीनं सांगितलं होतं तसंच झालं, लोकांनी थिएटर डोक्यावर घेतलं. माझ्या मागच्या बाईला तर हसून ठसका लागला. लेक ताठ बसून होती. हे उठले, लोकांच्या गुडघ्यांमधून वाट काढत बाहेर गेले. मध्यंतरात बघितलं तर जिन्याशी उभे. मी म्हटलं, घरी जाऊ या. हे म्हणाले, "नको. पुढं काय होतं ते बघू." लेक तोवर तिघांसाठी पॉपकॉर्न घेऊन आली होती.

भाऊ, तुमच्यावर मला राग आहे. तो ह्या घडामोडीत पुन्हा वर आला आणि जाईल असं वाटत नाही. बापानं एकदा तरी विचारायला हवं होतं, हे मी आता लेकीकडे बघून रोज म्हणते. पण मध्यंतरानंतर पडद्यावरच्या त्या दोघांचं गीझरवरून भांडण लागलं, आणि ते इतकं आमच्या घरातलं होतं, तो नवरा डोक्याला साबण लावून ज्या आवाजात बायकोला हाका मारत होता तो इतका ह्यांचाच होता, की मी ह्यांच्याकडे बघितलं आणि हे माझ्याकडेच बघत होते. आम्ही दोघं हसलो. डोळ्यांत पाणी येईपर्यंत, एकमेकांच्या अंगावर रेलून हसलो, इतकं की लेक वळून बघायला लागली. तेवढा वेळ, भाऊ, तुम्ही मला टेंपोतून परत आणून सोडलंत याचं मला जराही वाईट वाटलं नाही. हे मी लेकीला कधी सांगणार नाही. तुम्हालाही सांगायचं नव्हतं.