भिमीचा डबल रोल

२० सप्टेंबर १९९८
जगनमामाने माझं नाव देऊन टाकलं! न विचारता! शहापुरात नवरात्र मंडळाने सुंदरीची स्पर्धा ठेवली आहे. मांडव मामाचा. म्हणे, "तीनच पोरी झाल्यात गो. चौथी पायजे, नायतर मी येवढ्या खुर्च्या कुनासाठी लावू?"
म्हणजे मी सुंदर म्हणून नाही, खुर्च्यांसाठी!
आयने मला खालून वर पाहिलं. म्हणाली, "दात घास म्हंजे झालं."

२३ सप्टेंबर
शेजारच्या कविताच्या उंच टाचांच्या चपला घालून बांधावरून चालायचा सराव केला. दोनदा खाचरात गेले. म्हैस बघत होती.
दुपारी मंडळात कल्याणहून एक बाई आल्या शिकवायला. डोक्यावर पुस्तक ठेवून चाला म्हणाल्या. बाकी तिघींची पुस्तकं टपाटप खाली. मी विचारलं, "एकच?" रोज दोन हंडे आणते विहिरीवरून, पुस्तकाचं काय कौतुक! बाईंनी माझ्या डोक्यावर आणखी दोन ठेवून पाहिली.
मनातलं इथेच लिहिते — मला जिंकायचंय. एकदा तरी सगळ्यांनी माझं तोंड नीट बघावं. पाड्यावर मला पाठीवरूनच ओळखतात, पाठीवर मोळी असते म्हणून.

२७ सप्टेंबर
पडले. चौघींत चौथी.
"तुमचा छंद?" असं विचारलं. पाठ केलेलं सगळं विसरले आणि म्हटलं, "झाडावर चढणं." मांडव फुटेल इतके हसले. तेवढ्यात वरची दोरी सुटली आणि पडदा परीक्षकांच्या डोक्यावर यायला लागला. मामा ओरडतोय, "धरा! धरा!" धरतंय कोण? मी चपला काढल्या, कासोटा मारला, हातावर थुंकले आणि बांबूवर सरसर वर. दोरी बांधून खाली उतरले. टाळ्या जोरात पडल्या, पण हातावर थुंकणारीला मुकुट कोण देणार!
घरी येताना मामा म्हणाला, "पडलीस ना? जाऊ दे. मी पन पडलो." मामा गेल्या वर्षी ग्रामपंचायतीला पडला. तेव्हापासून आमच्या घरात कोणी आंबासुद्धा पडला म्हणत नाही, खाली आला म्हणतात.

३० सप्टेंबर
विश्वास बसत नाहीये! त्या दिवशी मांडवात पुढच्या रांगेत मुंबईचे एक फाइट मास्टर बसले होते. मारामारीचे सीन बसवतात. सिद्धगडाकडे शूटिंगची जागा बघायला आले होते. त्यांनी आज मामाला गाठलं. "उस लडकी के लिए डबल का काम है."
डबल! मामाने लगेच पाड्यावर सांगितलं — "डबल रोल! भिमीला डबल रोल! एक बहीण गरीब, एक श्रीमंत. दोन्ही आपलीच!"
आय विचारात पडली. "मंग जेवान दोघींचं देतील का एकीचं?"

१४ जानेवारी १९९९
सिद्धगडाच्या पायथ्याशी शूटिंग. पहाटेच्या एसटीने गेले. मला लाल ड्रेस दिला. थोड्या वेळाने गाडीतून हिरोईन बाई उतरल्या — त्यांनाही तोच लाल ड्रेस! मला वाटलं, हीच माझी श्रीमंत बहीण. पण मग डबल रोल कसला? दोन्ही मीच होते ना? तरी पुढे गेले आणि म्हटलं, "ताई, आपण दोघी बहिणी ना?"
त्या मास्टरांना म्हणाल्या, "ये कौन है?"
मग मास्टरांनी समजावलं. डबल म्हणजे डबल रोल नाही. बाई कड्यावर उभ्या राहून बोलणार. उडी मी मारायची. खाली पुठ्ठ्याचे खोके आहेत. आणि तोंड दिसता कामा नये! दिसलं तर सगळ्यांना कळेल ना ती बाई नाही म्हणून.
मी खडकाआड जाऊन रडले. खूप रडले. तोंड दाखवायला आले होते मी. अख्ख्या पाड्याला सांगून आले होते.

१५ जानेवारी
अकरा उड्या! "मान खाली! तोंड दिसलं! परत!" — हे दहा वेळा ऐकलं.
खरं सांगायचं तर चौथ्या उडीनंतर मजा यायला लागली. हवेत असताना पोटात गार गार होतं. मास्टर म्हणाले, "तू डरती नहीं?" मी म्हटलं, मधासाठी याच्यापेक्षा उंच चढते, आणि तिथे माशाही असतात.
शेवटच्या उडीला खोक्यांतून मान वर निघालीच. पण तोवर ऊन उतरलं होतं. मास्टर म्हणाले, चलेगा.

२ फेब्रुवारी
पाड्यावर सगळे विचारतात, शूटिंग कसं झालं? आयच्या तोंडाकडे बघून खरं बोलवेना. म्हटलं, गरीब बहिणीचं झालं, श्रीमंत बहिणीचं राहिलंय. आता बायकांत दोन पक्ष पडलेत. शेजारची सकुबाई श्रीमंत बहिणीकडून. म्हणते, तिचा स्वभाव चांगला असनार.
कुठे तोंड लपवू!

२१ जानेवारी २०००
आज सगळं उघडं पडलं. क्रमाने लिहिते.
म्हसाच्या जत्रेत तंबूमध्ये आमचा सिनेमा लागला. अख्खा पाडा टेम्पोने गेला. मामाने हार आणलेला. दुपारचा खेळ. हिरोईन बाई बोलतायत, नाचतायत, आणि मामा दर पाच मिनिटांनी, "तू कदी येनार?" मी घामाघूम.
मग कड्याचा सीन आला. पडद्यावर पाठमोरी लाल ड्रेसवाली. ती हातावर थुंकली — आणि आय ताडकन उभी राहिली. "भिमी! ही माजी भिमी!"
उडी! तंबूत सगळे "आई गं!" खोक्यांचं काही दिसलं नाही, धूळ दिसली, आणि धुळीतून मान वर. माझं तोंड! डोळा मिटेपर्यंत गेलंसुद्धा.
मामा ओरडला, "परत दाव!" मशीनवाला म्हणाला, असं करता येत नाय. मामा म्हणाला, "तंबूचे बांबू माजे हायेत. काढू काय?" मशीनवाल्याने निमूट रीळ उतरवलं, मागे गुंडाळलं. असं तीनदा! लोक शिट्ट्या मारत होते.
आयने माझा हात घट्ट धरला. "येवढ्या वरनं? लागलं का गो तुला?" वर्षभराने विचारत होती, तरी मला रडू फुटलं आणि मी सगळं खरं सांगून टाकलं. डबल रोल नाही, नुसती डबल.
मामाने हातातल्या हाराकडे पाहिलं. मग म्हणाला, "म्हंजे ती बोलली आन तू पडलीस."
"हो."
"आपल्या घरात पडून कुनाला हार नवता मिळाला." आणि हार माझ्या गळ्यात घातला. सकुबाईने मात्र जाताना विचारलंच, "मंग श्रीमंत बहिनीचं काय झालं?"

३ मे २००३
आटगाव स्टेशनजवळच्या बूथवर मास्टरांचा फोन आला. ते आता स्वतः दिग्दर्शक झालेत. मारामारी करणारी हिरोईन हवी आहे, सगळं स्वतः करणारी. "इस बार मुँह ऊपर!"
नाव बदलू का विचारलं. म्हणाले, भिमी नावाची पोरगी दहा जणांना मारते हे लोकांना लगेच पटेल!

१२ डिसेंबर २००४
माझा दुसरा सिनेमा. परत सिद्धगड. निर्माते म्हणाले, "मॅडम, तुम्ही आता हिरोईन. उडी तुम्ही मारायची नाही." मी भांडले. मास्टरांनी मान खाली घातली.
जेवणानंतर माझ्यासारख्याच कपड्यांतली एक पोर लाजत पुढे आली. मुरबाडकडची, नाव बारकी. म्हणाली, "ताई, आपन दोगी बहिनी ना?"