परसातली भेग

प्रिय वहिनी,

फोनवर बोलताना आई शेजारी कान टवकारून बसलेली असते, म्हणून हे लिहायला घेतलं. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, असं तू नेहमी म्हणायचीस. सांभाळून घे.

तू पोरीला घेऊन कामासाठी तिकडे गेलीस तेव्हा वाटलं होतं, खाण बंद झाली, आता इथं सगळं शांत होईल. कसलं काय. खालचा कोळसा अजून धुमसतोच आहे. माझं सध्याचं काम म्हणजे जमिनीला पडलेल्या भेगा बुजवणं. वरून हवा आत गेली की आग चेतते आणि विषारी वायू घराघरांत येतो, म्हणून घमेल्यानं चिकणमाती ओतायची, धुम्मसानं ठोकायची, आणि उद्या शेजारी नवी भेग सापडली की पुन्हा तेच. मातीच्या ढिगावर साहेबांनी झाडं लावून घेतली. वरून हिरवीगार दिसतात, पण वाकलेलं एक उपटलं तर मुळं पार भाजलेली. विहिरीचं पाणी गंजासारखं तांबडं झालंय. माझे सगळे शर्ट एकाच रंगाचे झालेत, सकाळी निवडायची कटकट मिटली.

एक भेग आपल्या परसातच आहे, मोरीच्या मागे. आग लागली त्या दिवशी दादाची पाळी साधारण इथंच खाली होती, असं एका मोजणीवाल्यानं सहज बोट दाखवून सांगितलं आणि तेव्हापासून आईनं ती भेग आपली मानली. मी सकाळी ठोकून बंद करून जातो, संध्याकाळी येऊन बघतो तर उघडी. आई पहारीनं उकरते आणि स्टूल टाकून शेजारी बसते. पोराला जरा वारा लागू दे, म्हणते. वर त्याच्याशी गप्पा. नळाला पाणी किती आलं, शेजारीण कशी वागली, मी किती घोरतो, सगळं खाली पोचतं. मला हसू आलं, वहिनी, आणि मग मोरीत जाऊन रडलो.

मी तिला स्पष्ट सांगून पाहिलं की दादा गेला. आग लागली तेव्हा माणसं आत असतानाच खाणीचं तोंड सिमेंटनं बंद केलं, हे तिलाही माहीत आहे. पण तिनं त्याचं प्रेत पाहिलंच नाही, तर मानणार कशी? ती मलाच वेड्यात काढते. त्याची बायको अजून त्याच्या नावानं राहतेय, ती काय खुळी आहे का, असं विचारते. यावर मी घमेलं उचलून माती आणायला जातो.

गेल्या आठवड्यात शेजारणीच्या कोंबड्या खुराड्यात मरून पडल्या. परवा आई भेगेपाशी बेशुद्ध सापडली. पुन्हा असं झालं तर आपल्या हातात काही राहणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. घरी आली ती तडक पहार शोधायला लागली. मी ती लपवली होती, तर बाईनं उलथनं घेतलं. गल्ली रिकामी होत चालली आहे. आम्हालाही वरच्या बाजूला खोली दिली आहे. मी तिला तिथं नेऊन ठेवलं, तर जेवणाच्या आत ही पुन्हा परसात हजर.

तुझ्या दुसऱ्या लग्नाबद्दल मी तिच्याकडे चकार शब्द काढलेला नाही. तू शपथ घातली होतीस. माणूस चांगला आहे, असं पोरगी मला फोनवर हळूच म्हणाली, तेव्हा खरंच बरं वाटलं. पण आता मला त्या शपथेतून मोकळं कर, आणि तू ये. त्यांनाही घेऊन ये. पोरीला मात्र आणू नकोस, तिनं हे ऐकायला नको. आईसमोर उभी राहा आणि तुझ्याच तोंडानं सांग की तू लग्न केलंस. ती तुला नाही नाही ते बोलेल, कदाचित हातही उगारेल. तुझा काही दोष नसताना हे मागतोय, याची मला लाज वाटते. पण माझ्या सांगण्यानं दादा मरत नाही. तू त्याची वाट बघणं सोडलंस हे तिला कळलं की तो मरेल. मग ती रडेल, इतक्या वर्षांत ती एकदाही रडलेली नाही. तेवढा वेळ तिच्याजवळ बस. मी मागे जाऊन भेग बुजवून येतो.

तुझंच,
शेंडेफळ